कोल्हारच्या गाडीची हमी

माझे वडील यज्ञेश्वर निसळ नगरच्या एका मोटार एजन्सीत कारकून होते. आम्ही मुलं त्यांना नाना म्हणत असू, बाहेरचे लोक पंत म्हणत. मोटारींच्या धंद्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, पण त्यांना मोटार चालवता येत नसे, आणि मोटारीत बसलं की मळमळायचं. नालेगावातल्या आमच्या घरापासून माळीवाड्याच्या वेशीबाहेरच्या एजन्सीपर्यंत ते रोज पायी जात. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि हातात पितळी डबा.

त्यांचं काम गाडी विकली गेल्यानंतर सुरू होई. कुणाच्या गाडीचं तेल कधी बदलायचं, ग्रीस कधी भरायचं, पहिली फुकट तपासणी कधी आणि दुसरी कधी, हे सगळं ते बघत. दिवस जवळ आले की गिऱ्हाइकाला कार्ड टाकत. गिऱ्हाइकं म्हणजे काही डॉक्टर-वकील, साखर कारखान्याचे साहेब, एखाददुसरे जहागीरदार. कुणी नवखा माणूस गाडी बघायला आला की नाना त्याला न विचारता सांगत बसायचे. ही मोठी गाडी, एक गॅलन पेट्रोल बारा मैल पुरलं तर नशीब. आपल्या खडीच्या रस्त्यावर टायर वर्षाला खलास. ड्रायव्हर ठेवा, शेड बांधा, आणि गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी खाते.

"पंत, तुम्ही गाडी विकायला बसलायत की मोडायला?" एजन्सीचे शेठ म्हणायचे.

"किंमत सगळे विचारतात, शेठ. खर्च कुणी विचारत नाही. मग शिव्या मला खाव्या लागतात."

शेठ हसून सोडून देत. नानांचा शब्द गिऱ्हाइकांना पटतो आणि त्यातच आपला फायदा आहे, हे त्यांना कळत होतं.

१९४१च्या पाडव्याच्या आधी कोल्हारचे आप्पासाहेब नावाचे बागायतदार एजन्सीत आले. प्रवरेच्या कालव्याखाली त्यांचा मोठा ऊस होता आणि लढाईमुळे गुळाला चांगला भाव आला होता. दुकानात तेव्हा आठ सिलिंडरची एक अमेरिकन गाडी होती. किरमिजी रंग, आत तपकिरी चामडं. तेवढी महाग गाडी शेठनी त्याआधी कधी ठेवली नव्हती आणि ती खपत नव्हती म्हणून त्यांना झोप नव्हती. आप्पासाहेबांनी तिच्याभोवती चक्कर मारली, नानांचं सगळं पुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खर्चाचं राहू द्या. आमच्या आयेला दाखवून आना. पैका तिच्या हातात हाय."

म्हणून नाना आणि एजन्सीतला छगन मिस्त्री गाडी घेऊन कोल्हारला गेले. त्या दिवशी तिथे काय झालं ते छगननं पुढे आयुष्यभर आम्हाला सांगितलं, आणि दर वेळी तेवढ्याच हौसेनं.

आप्पासाहेबांची आई मुक्ताबाई साठीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं बैलाभोवती फिरावं तसं गाडीभोवती फिरून पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं टायर दाबला.

"दात कुठनं बघायचं हिचं?"

छगननं बॉनेट उघडून दाखवलं. तिनं आत पाहिलं आणि पदरानं नाक धरलं.

"आन मोडली मंजी?"

नानांनी कंपनीचा छापील कागद काढला आणि इंग्रजीचं मराठी करून एकेक कलम सांगितलं. तीन महिने किंवा चार हजार मैल, जे आधी भरेल तोवर हमी. मोडलेला भाग गिऱ्हाइकानं स्वखर्चानं मुंबईला पाठवायचा. बनावटीतच खोट होती असं कंपनीला वाटलं तर नवा भाग मिळेल. टायर, बॅटरी यांची हमी नाही. परक्या मिस्त्रीनं हात लावला तर हमी नाही. गाडी नीट वापरली नाही तर नाही.

"म्हंजी मोडलं तर तुमी देनार, पर का मोडलं ते बी तुमीच ठरवनार," मुक्ताबाई म्हणाली. "आन तीन महिनं सरलं की वळख बी देनार न्हाई."

"बाई, हे छापील आहे. सगळ्या जगात असंच असतं."

"जगाचं ऱ्हाऊ द्या. बाजारातनं बैल आनला तरी इकनारा त्याची खोड सांगतो. म्हंतो, नांगराला चालला न्हाई तर माझ्या दावनीला आनून बांधा. तुमी नुसता कागूद वाचताय."

"आये, पंत चांगले मानूस हाईत," आप्पासाहेब म्हणाले.

"मग चांगल्या मानसानं बेलभंडार उचलावा."

देवघरात खंडोबाचा टाक होता. मुक्ताबाईनं त्याच्यापुढे ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. नाना उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना हसूही येत होतं आणि अवघडही वाटत होतं. मोटारीसाठी बेलभंडाराची शपथ!

"उचला की पंत," छगन मागून म्हणाला. "गाडी परत नेली तर नगरपातुरची धूळ मलाच पुसावी लागंल. आन शेट तोंड वाकडं करंल ते येगळंच."

नानांनी बेलभंडार उचलला. मुक्ताबाईनं शब्द सांगितले आणि नाना तिच्यामागून म्हणाले, "गाडी तुमच्या दारात आहे तोवर तिचं दुखणं माझं."

गाडी खपली. शेठनी पेढे वाटले. घरी येऊन नाना ही गंमत सांगू लागले. ऐकता ऐकता आईचा चेहरा उतरत गेला.

"कुणाच्या देवापुढे उचललात?"

"खंडोबाच्या."

"आणि आपला कुलस्वामी कोण?"

नानांचं हसू तिथेच थांबलं. मग म्हणाले, "अगं, नव्या गाडीला तीन महिन्यांत काही होत नसतं."

"तीन महिने म्हणालात का तिथे?"

नाना टोपी काढून खुंटीला अडकवू लागले.

पहिलं वर्ष खरोखरच बरं गेलं. दोन्ही फुकट तपासण्या झाल्या. आप्पासाहेब लग्नाकार्याला ती गाडी घेऊन जात आणि माणसं तिच्याभोवती गोळा होत. पावसाळ्यात पेट्रोलचं रेशनिंग आलं, महिन्याला ठरावीक कूपनं मिळू लागली. गाडी कोल्हारहून नगरला दोनचारदा आली-गेली की ती संपायची. मग आप्पासाहेबांनी पेट्रोलऐवजी चालवायला तिच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली. एवढी देखणी गाडी, आणि मागे विटांच्या भट्टीसारखं काळं नळकांडं. तिला चढाला दम लागू लागला. भट्टीतली बारीक राख इंजिनात जाऊ लागली, आणि तिथून तिची दुखणी सुरू झाली.

तोवर एजन्सीचंही रूप पालटलं होतं. अमेरिकेहून गाड्या येणं थांबलं, मग सुटे भागही. नगरला लष्कर फार. शेठनी लष्करी ट्रक दुरुस्तीचं कंत्राट घेतलं आणि दुकानातल्या आरशांसमोर गाड्यांऐवजी ट्रकचे सांगाडे उभे राहिले. पाण्याचा पंप गळतो म्हणून कोल्हारहून पहिलं कार्ड आलं तेव्हा शेठनी नानांना सरळ उत्तर सांगितलं. हमीची मुदत संपली आहे, युद्धपरिस्थितीमुळे भाग उपलब्ध नाहीत, दिलगीर आहोत.

नानांनी ते पत्र टाइप केलं, सही केली, टपालात टाकलं. आणि रविवारी सकाळी छगनला घेऊन मनमाडच्या सर्व्हिस मोटारीनं कोल्हारला गेले.

"अहो, पत्र पाठवलंत ना नाही म्हणून?" आईनं विचारलं.

"ते एजन्सीचं होतं."

"मग तुम्ही कोण?"

"मी बेलभंडार उचलला होता."

त्यानंतर असे कितीतरी रविवार गेले. त्या वेळी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज दिवसाचं चार ओळी टिपण करायला लावत. माझ्या त्या वर्षांच्या वह्यांत पुन्हा पुन्हा तेच आहे. नाना कोल्हारला गेले. नाना कोल्हारहून उशिरा आले, जेवले नाहीत. परतीच्या मोटारीत त्यांना ओकाऱ्या होत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरी.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पेट्रोल, कोळसा, ड्रायव्हर हा खर्च ते करतच होते. दुरुस्तीचा मात्र ते विचारच करत नसत, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ती किमतीतच आली होती. नाना गेले की त्यांना पंगतीत पाटावर बसवत, परत निघताना गुळाची ढेप देऊ करत. नाना ढेप घेत नसत. घेतली तर तो मोबदला झाला, असं त्यांचं म्हणणं. छगनची मजुरी, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले प्लग आणि पट्टे, सगळं नाना स्वतःच्या पगारातून भागवत. आईच्या हातातल्या पाटल्या केव्हा गेल्या ते मला आठवत नाही, नुसते हात आठवतात.

छगन वाटेत त्यांना चिडवी.

"पंत, देवाला तरी ठाऊक हाय का हो, वॉटर पंप काय असतो ते?"

"तू तुझं काम कर."

"न्हाई, मी म्हंतो, खंडोबाचं घोडं असतं. घोड्याला नाल लागते, चंदी लागते. प्लग कुठं लागतो? तुमी शपथ घेतली ती घोड्याची धरा."

नाना कधी कधी हसतही. पण ते हसणं थोडं थोडं कमी होत गेलं. आम्हा मुलांशी बोलतानाही त्यांचं लक्ष कोल्हारच्या गाडीकडे असे. पाऊस आला की त्यांना तिच्या शेडचा पत्रा आठवे. थंडी पडली की बॅटरी.

१९४३च्या उन्हाळ्यात मोठं संकट आलं. आप्पासाहेबांचा ड्रायव्हर जास्त पगारासाठी लष्करात निघून गेला होता. त्याच्या जागी कारभारी नावाचा त्यांचा जुना गडी गाडी चालवायला शिकला. कारभारी हा बैलांचा माणूस. फार मायेचा, जनावराला कधी चाबूक लावला नाही. गाडीही तो रोज पुसायचा, तिच्याशी बोलायचा. इंजिनाचं तेल कमी झालं आणि ते कुठेच मिळेना, तेव्हा त्यानं घरातलं एरंडेल आणून आत ओतलं. बैलगाडीच्या आसाला पिढ्यान्‌पिढ्या एरंडेलाचं वंगण चालत आलं आहे, मग हिला का चालणार नाही? चांगलं घरचं काढलेलं होतं, गाळून ओतलं होतं. ते आधीच्या तेलात मिसळलं नाही. उष्णतेनं चिकट झालं, तेलाच्या बारीक वाटा बुजल्या. राहुरीच्या अलीकडे मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. बैल जुंपून गाडी घरी ओढत न्यावी लागली.

नाना गेले तेव्हा कारभारी शेडबाहेर मातीत बसून रडत होता.

"म्या तिला चांगलंच दिलं हुतं, पंत. देवाच्यान, चांगलंच दिलं हुतं."

नानांनी त्याला उठवून सावलीत बसवलं. छगननं खालून तेलाची टाकी उघडली. वितळलेल्या बेअरिंगचा चुरा चकचकत हातावर आला. रॉडच्या सगळ्या बेअरिंगी गेल्या होत्या.

काय झालं ते कार्डात आलंच होतं, म्हणून त्या दिवशी निघताना आईनं नानांना शिकवून पाठवलं होतं. "हा तर त्यांच्याच गड्याचा दोष आहे. कंपनीच्या कागदातसुद्धा नीट न वापरलेल्या गाडीला हमी नाही. मग देवाच्या हमीतही नसणार. मुक्ताबाईंना स्पष्ट विचारा, मोकळं करा म्हणावं." नानांना ते पटलं होतं. त्यांनी हात धुतले, ओट्यावर गेले आणि मुक्ताबाईला म्हणाले,

"बाई, आता हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मला त्या शब्दातून सोडवा."

मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पंत, मी सोडलं असतं हो. तुमचे हाल काय मला दिसत न्हाईत? पर तुमी शबूद माझ्याकडं कुठं दिला? तो देवाकडं दिला. त्याचं मी कसं सोडू?"

"मग तुम्ही गाडी काढून टाका. दारातनं गेली की मी सुटलो."

"ते आप्पाला सांगा."

आप्पासाहेबांना सांगून उपयोग नव्हता. मोडकी गाडी विकली तर भंगाराचा भाव, शिवाय गावात नाचक्की. थोरल्या मुलीची सोयरीक चालू होती आणि पाहुण्यांना दारात गाडी दिसायला हवी होती. "पंत, तुमी येवढं केलंय, आनखी येवढं बघा," ते म्हणाले. त्यांचा नानांवर पुरता विश्वास होता. तो विश्वास नसता तर फार बरं झालं असतं.

बेअरिंगींचा जोड पुण्या-मुंबईत कुठे मिळाला नाही. एक जोड मात्र नानांना माहीत होता. तो एजन्सीच्याच कोठीत होता. लष्करातल्या एका साहेबाच्या तसल्याच गाडीसाठी तो राखून ठेवला होता आणि त्यावर लष्कराची चिठ्ठी होती. नानांनी शेठना विकत मागितला. शेठ म्हणाले, तो माझा नाही, हात लावू नका. काही दिवसांनी नानांनी तो जोड कोठीतून काढला, नेहमीसारखी नोंद केली आणि नोंदीत लिहिलं, कोल्हारची गाडी, हमीखाली दिला. खाली स्वतःची सही.

लष्कराचा माणूस माल मोजायला आला तेव्हा ती नोंद शेठसमोर आली. त्या दिवशी छगन तिथेच होता.

"कसली हमी, पंत? कुणाची?"

"माझी."

"तुमची हमी माझ्या कोठीतनं?"

नाना म्हणाले, "गाडी आपल्याच दुकानातून गेली, शेठ."

"चोरून नेला असतात तर मी हरवला म्हणून सांगितलं असतं," शेठ म्हणाले. ते चिडले नव्हते, घाबरले होते. "तुम्ही लिहून ठेवलंत. आता मी लष्कराला काय दाखवू?"

जोड तोवर कोल्हारला जाऊन घासायलाही घेतला होता, परत देण्यासारखा राहिला नव्हता. नानांची नोकरी गेली. प्रकरण पोलिसांत जाऊ दिलं नाही, हा शेठचा उपकार. त्या जूनमध्ये माझं कॉन्व्हेंटही सुटलं आणि मी आमच्याच गल्लीतल्या दोन मैत्रिणींबरोबर मराठी शाळेत जाऊ लागले. त्याचं मला वाईट वाटलं ते आता सांगून काही उपयोग नाही. नानांना आडतीच्या एका दुकानात कारकुनी मिळाली. पगार निम्मा. दिवसभर मिरची आणि शेंगांची धूळ. त्यांना खोकला लागला तो तिथलाच.

छगननं ते इंजिन पावसाळाभर जुळवलं. बेअरिंगी घासायच्या, निळा रंग लावून बघायच्या, पुन्हा घासायच्या. मजुरी त्यानं घेतली नाही. नानांनी विचारलं तर म्हणाला, "तुमी एकट्यानंच पुन्य करायचं काय? आनखी एकाला जागा ठेवा की." दसऱ्याच्या आसपास इंजिन सुरू झालं. नाना घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि आईला म्हणाले, "घड्याळासारखी चालते गं." कितीतरी दिवसांनी त्यांनी त्या रात्री पोटभर जेवण केलं.

कार्तिक संपताना नाना पुन्हा तिकडे निघाले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. मुक्ताबाईनं बोलावलं होतं, पोरीला एकदा आना म्हणून. मी कोल्हार त्याआधी पाहिलं नव्हतं. पुलावरून प्रवरेचं पाणी दिसलं, मग वाटेवरची गुऱ्हाळं, आणि नाना खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेले. त्यांच्या पिशवीत गाडीच्या पंख्याचा नवा पट्टा होता.

आप्पासाहेबांच्या अंगणात शेडला माणसं गोणपाट लावत होती. आत कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. नाना शेडच्या दाराशी उभे राहिले आणि तिथूनच पेंढ्यांकडे बघत राहिले.

आप्पासाहेब बाहेर आले. फार आनंदात होते.

"या पंत! ही व्हय तुमची विजू? पंत, तुमच्या किरपेनं काम झालं बगा. पुन्याचा येक मिलट्रीचा ठेकेदार आल्ता. चालू गाडी म्हनून घेतली त्यानं. दिली त्याच्यापेक्षा वरचढ किंमत आली. नव्या गाड्या मिळंनातच कुठं! सोयरीक बी जमली, मग म्हनलं, कशाला ठेवा."

"कधी?" नानांनी विचारलं.

"झालं की आठ-पंधरा दिस. तुमाला कार्ड टाकायचं ऱ्हाऊनच गेलं."

नानांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मुक्ताबाईनं आम्हाला ओट्यावर बसवलं, मला दूध दिलं, गुळाचा खडा दिला. तिनं नानांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंत, दारातनं गेली. सुटलात तुमी."

"हो," नाना म्हणाले.

"लई ओझं वाहिलंत."

"हो."

"आज जेवूनच जावा."

नाना जेवले नाहीत. आप्पासाहेबांनी ढेप दिली आणि ती नानांनी घेतली, कारण आता घ्यायला हरकत नव्हती. सर्व्हिस मोटारीची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसलो होतो. मी विचारलं, "नाना, आता तुम्हाला दर रविवारी जायला नको ना?" ते म्हणाले, "नको." आणि त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मला वाटलं, आनंदानं. मी तेरा वर्षांची होते. अडीच वर्षं जे पायाशी बांधलेलं होतं ते सुटलं होतं, आणि ज्याच्यासाठी नोकरी गेली, ते त्यांना न सांगता कुणीतरी कुणालातरी विकून टाकलं होतं. विकणाऱ्याची त्यात काही चूकही नव्हती. गाडी त्याची होती.

पुढच्या चंपाषष्ठीला नाना जेजुरीला जाऊन आले. तिथे त्यांनी देवाला काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. घरी आल्यावर मात्र त्यांच्यात एक बदल दिसू लागला. ते कुणाला शब्द देईनासे झाले. सुरुवातीला आमच्या लक्षात आलं नाही. वाण्यानं विचारलं, पंत, सोमवारी पाठवता ना, तर म्हणत, बघू. धाकट्यानं भिंगरी मागितली तर म्हणत, बघू. आई म्हणाली, आज लवकर या, तर नुसते चपला घालून बाहेर पडत. निघताना माणसानं जातो म्हणू नये, येतो म्हणावं, ही आपल्याकडची रीत. नाना येतोसुद्धा म्हणेनासे झाले. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबत, आमच्याकडे बघत आणि जात. आई पाठीमागून म्हणायची, "अहो, येतो म्हणा!" ते गल्लीच्या टोकाला पोचलेले असत.

आडतीच्या दुकानात लोक त्यांना आखडू म्हणू लागले. हिशेबाला चोख, पण माणूस म्हणून रुक्ष. त्यांना ओळखणारं असं एकच माणूस अधूनमधून येई, छगन. तो ओट्यावर बसून लष्करी ट्रकांच्या गोष्टी सांगत राही आणि नाना ऐकत.

१९४९ साली माझं लग्न ठरलं. मुलगा संगमनेरला शाळेत मास्तर होता, घर साधं, माणसं चांगली. वाङ्‌निश्चयाला ती सगळी आमच्या घरी आली. पाट मांडले, गुरुजींनी संकल्प सांगितला. त्या विधीत मुलीच्या बापानं सर्वांसमक्ष मुलगी देण्याचा शब्द द्यायचा असतो. तो शब्द म्हणजेच सगळा विधी. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि म्हणाले, "हं, पंत, म्हणा माझ्यामागून."

नानांच्या हातात सुपारी होती, ती त्यांनी घट्ट धरली होती.

"पंत, म्हणा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांना वाटलं असणार, बापाच्या मनात काही वेगळं आहे. नानांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आई दारामागून हळूच म्हणाली, "अहो." ते तिच्याकडे असे बघू लागले की मला ते बघवेना.

शेवटी हेमचंद्रमामा पुढे सरकले. "मेहुण्यांची तब्येत बरी नाही," ते म्हणाले, नानांच्या हातातली सुपारी आपल्या हातात घेतली आणि त्यांच्याऐवजी शब्द उच्चारले. गुरुजींनी लगेच पुढचा मंत्र धरला. सुपाऱ्यांची अदलाबदल झाली, साखर वाटली गेली. नाना तोवर उठून ओट्यावर जाऊन बसले होते. सासरच्या एका बाईनं स्वयंपाकघरात विचारलंच, "मुलीच्या वडिलांना हे स्थळ पसंत नाही का हो?" आई म्हणाली, "फार पसंत आहे. म्हणूनच."

त्या बाईला काही कळलं नसावं.

लग्न व्यवस्थित झालं. पाठवणीच्या वेळी माझे सासरे नानांजवळ आले. ते मोकळ्या स्वभावाचे होते आणि त्या दिवसाचा सल त्यांनी मनातून काढून टाकला होता. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पंत, मुळीच काळजी करू नका. तुमच्या मुलीला आयुष्यभर काही कमी पडू देणार नाही. ही माझी हमी."

नानांनी घाईघाईनं आपला हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"नको हो," ते म्हणाले. "असं म्हणू नका. जमेल तसं सांभाळा."